पियानोच्या जागी

जेवणाच्या हॉलमध्ये ती शिरली तेव्हा पियानो जागेवर नव्हता. त्या जागी एक सोफा होता, राखाडी, नवाकोरा, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा अजून न काढलेला. आणि त्याच्या पुढ्यात गालिच्यावर तीन गोल खळगे. पियानोचे पाय जिथे इतकी वर्षं रुतून बसले होते तेवढ्यापुरता गालिचा अजून मूळच्या लाल रंगाचा होता, बाकीचा कधीच विटून गेला होता. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती त्या खळग्यांकडे बघत उभी राहिली. वेटर टेबलं लावत होते. डावीकडे काटे, उजवीकडे सुऱ्या, मधे घडी घातलेला रुमाल. एकानेही मान वर केली नाही, आणि तेवढ्यावरूनच तिला कळलं की सगळ्यांना ठाऊक होतं. भांडी घासणाऱ्यापासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांना. रखवालदाराने तर आज दार जरा जास्तच अदबीने उघडलं होतं, आणि ती मनातल्या मनात खूश झाली होती, मूर्खासारखी. पियानो गेल्याचा धक्का तिला मागाहून बसला. आधी बसला तो याचा, की एवढं धूड उचलायला चांगली पाच-सात माणसं लागली असतील, दार बिजागऱ्यांसकट काढावं लागलं असेल, आरडाओरडा झाला असेल, आणि एवढ्या गडबडीत एकाच्याही मनात आलं नाही की त्या बाईला कळवावं.

"अहो, मी तुम्हाला फोन करणारच होतो," मॅनेजर म्हणाला. करणारच होतो म्हणणाऱ्या माणसाने तो कधीच केला नसता, हे दोघांनाही माहीत होतं. मॅनेजर तसा वाईट नव्हता. कोणाला वाईट बातमी देणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो ती देतच नसे. माणसं आपापली येऊन तिच्यावर आदळत. "तारा पार गंजल्या होत्या. जुळवणारा माणूस दर खेपेला नवीनच काहीतरी काढायचा. आणि त्या जागेत आता आणखी एक टेबल बसतंय. तुमचं काही अडत नाही हो! तुम्ही कीबोर्ड आणा ना. हल्ली सगळे तेच वाजवतात. आवाज तेवढा पियानोचा पाहिजे, बस. पुढच्या शनिवारी मालक जेवायला येतायत. त्यांनी ऐकलं, त्यांना पटलं, की तुम्ही आहातच."

"आणि नाही पटलं तर?"

"पटेल हो. का नाही पटणार?" मॅनेजर सोफ्याच्या प्लास्टिकवरून हात फिरवत म्हणाला. "तसं पेनड्राइव्हवर गाणी आहेतच आपल्याकडे."

ती "बरं" म्हणाली आणि बाहेर पडली. रस्त्यावर संध्याकाळची वेळ होती, ऑफिसं सुटत होती, आणि या वेळेला आपण रस्त्यावर कसे दिसतो हे तिला मुळी माहीतच नव्हतं. या वेळेला ती नेहमी आत असायची. वाजवणं सुरू व्हायचं ते पहिलं गिऱ्हाईक आल्यावर, पण ती रोज तासभर आधी यायची. कोणी यायला सांगितलं नव्हतं आणि त्या तासाचे कोणी पैसेही देत नव्हतं. दिवे अर्धेच लावलेले असायचे, वेटर टेबलांवरच्या चादरी झटकत असायचे, आणि ती झाकण उघडून बसायची. तो तास तिचा होता. बाकीचा दिवस चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरचा होता, रात्र एका खोलीची होती, आणि संध्याकाळची मिळकत त्या खोलीच्या भाड्याची होती. या सगळ्याच्या मधोमध तो एक तास. आई असतानाचं मोठं घर सोडून ती या खोलीत आली तेव्हा घरातला पियानो जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडला होता. हमालांनी तो आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, शेवटी वळणावरच ठेवून बिड्या ओढायला बसले, आणि तिने तिथल्या तिथे तो विकायला सांगितला. तेव्हा दुःख झालं नव्हतं, घाईच झाली होती. हॉटेलातला पियानो होता ना. वेटर तिला पियानोबाई म्हणायचे. "पियानोबाईंना चहा द्या रे." आता काय म्हणतील? सोफाबाई? तिला हसू आलं, आणि समोरून येणारा माणूस उगाचच बाजूला झाला.

खरं सांगायचं तर हॉटेलात तिचं वाजवणं कोणी ऐकत नव्हतं, आणि हे ती स्वतःशी कबूल करून बसली होती. निदान तिला तसं वाटत होतं. जेवताना कोणी टाळ्या वाजवत नाही. हात रिकामे कुठे असतात? लोक बोलायला येतात, भांडायला येतात, लग्न जमवायला येतात, आणि त्यांच्या बोलण्यात मधेच शांतता पडली तर ती झाकायला म्हणून एक बाई कोपऱ्यात ठेवलेली असते. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त एकदा, फार वर्षांपूर्वी, तिला काय अवदसा आठवली कोण जाणे, तिने एकच धून पुन्हा पुन्हा वाजवली. संपली की पहिल्यापासून. पहिल्यांदा गंमत म्हणून, मग हट्टाने, मग जवळजवळ विनवणी केल्यासारखी. सबंध संध्याकाळ. एकाही टेबलावरून कोणी वळून पाहिलं नाही. वेटरनासुद्धा कळलं नाही. त्या दिवशी घरी जाताना तिला जे वाटलं होतं त्याला तिने पुन्हा कधी हात लावला नाही, ते तसंच मिटवून ठेवलं. पण आता, कीबोर्ड शोधायचा म्हटल्यावर, ते आपोआप उघडलं. असा कीबोर्ड शोधायचा की ऐकणाऱ्याला फरक कळू नये. आणि समजा नाहीच कळला फरक, तर इतकी वर्षं तिथे बसून आपण काय करत होतो? मालकाला पटलं नाही तर तो तास जाणार. आणि पटलं तर?

दुसऱ्या दिवसापासून दुकानातली दुपारची सुट्टी कीबोर्ड बघण्यात जाऊ लागली. चष्म्याच्या दुकानात आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासणारा डॉक्टर दिवसभर एकच प्रश्न विचारत असतो: हे स्पष्ट दिसतं की ते? पुन्हा बघा, हे की ते? आणि माणसं, चांगली शिकलीसवरलेली माणसं, गोंधळून जातात. दोन्ही सारखंच वाटतं हो डॉक्टर. काउंटरवर बसून तिला नेहमी नवल वाटायचं, की स्वतःच्या डोळ्यांना काय दिसतं एवढं सांगता येऊ नये? आता वाद्यांच्या दुकानात उभी राहून तीच गोंधळली. हा बरा की तो? दुकानदार हसतमुख होता आणि एका बोटाने वाजवायचा. "मॅडम, यात काय नाही ते विचारा. व्हायोलिन आहे, बासरी आहे, ढोल आहेत, समुद्राच्या लाटा आहेत. हे बघा, कुत्रासुद्धा भुंकतो." आणि त्याने पट्टी दाबली, कुत्रा भुंकला. "मला एकच आवाज हवाय," ती म्हणाली. "पियानोचा." दुकानदाराचा चेहरा एवढासा झाला. एवढ्या मोठ्या खानावळीत येऊन कोणी नुसतं पाणी मागावं, तसं त्याला वाटलं असणार.

पहिल्याच्या पट्ट्या इतक्या हलक्या होत्या की फुंकर मारली तरी वाजतील. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच, एखाद्या बहिऱ्या माणसाने सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलावं तसा. दुसऱ्याला पियानोसारखं वजन होतं, आवाजही देखणा, पण किंमत ऐकली आणि ती पुढच्याकडे सरकली. शिवाय तो बसमधून न्यायचा तर दोन माणसं लागली असती. तिसऱ्याचा आवाज सुरुवातीला चांगला होता. तिची परीक्षा साधी होती: खालचा एक सूर दाबायचा आणि तो विरेपर्यंत ऐकायचं. खरा पियानो मरताना घाई करत नाही. सूर बारीक होत जातो, हलतो, मधेच जरा उजळतो, आपण संपला म्हणतो तेव्हा अजून थोडा उरलेला असतो. या तिसऱ्याचा सूर मात्र अर्ध्यातच कापल्यासारखा गेला. दुसऱ्या एका दुकानात, मग तिसऱ्यात, तीच तऱ्हा. एका घरी जुना कीबोर्ड विकायचा होता म्हणून गेली, तर पट्ट्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या आणि मधल्या काही पट्ट्या मुक्या. घरची बाई म्हणाली, "मुलं मोठी झाली, आता कोणी वाजवत नाही." तिथून निघताना तिला शाळेतला पियानो आठवला. त्याचीही मधली एक पट्टी मुकी होती. संगीताच्या बाई म्हणायच्या, तो सूर तुझ्या मनात वाजव आणि पुढे जा. ती तशी शिकली होती. आजही त्या पट्टीवर आली की तिचं बोट जरा जास्त दाबतं, वाजेल की नाही या धास्तीने.

घरी आई ऐकायची. म्हणजे स्वयंपाकघरात असायची. भांड्यांचा आवाज थांबवून म्हणायची, "वाजव गं, मी ऐकतेय." आणि धून संपली की, "छान झालं हो." कितीही चुकलं तरी छान. नुसते सूर खालीवर घोटले तरी छान. एकदा तिने विचारलं होतं, "आई, कालचं छान होतं की आजचं?" आई पीठ मळता मळता म्हणाली, "मला मेलीला काय कळतं? तू वाजवलंस की मला छानच." त्या प्रेमाबद्दल तिला तक्रार नव्हती, कधीच नव्हती. पण त्या दिवशी ती पियानोपाशी परत गेली आणि झाकण लावून बसून राहिली होती, आणि आपल्याला राग कशाचा आलाय हे तिला कळलं नव्हतं. आता दादाही तसाच. रविवारच्या फोनवर तिने त्याच्या कानावर घातलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पियानो काय नि कीबोर्ड काय. तू काहीही वाजवलंस तरी चांगलंच वाजवशील." मागून वहिनी म्हणाली, "ताईंना सांगा, इथे या म्हणावं राहायला, कशाला ती दगदग?" दोघांचंही मन चांगलं होतं. फोन ठेवल्यावर खोली होती त्याहून लहान वाटली.

शेवटी पहिल्याच दुकानात, मागच्या ओळीत, धूळ बसलेला एक सापडला. गेल्या वर्षीचा, काळा, मध्यम लांबीचा, तिच्या आवाक्यातला. खांद्याला लावून कशीबशी बस चढता येईल इतका जड. पट्ट्यांना वजन होतं, खोटं पण प्रामाणिक. तिने सूर दाबला तेवढ्यात पलीकडे कोणीतरी ड्रम बडवायला सुरुवात केली. कान देऊनही काही ऐकू येईना. "हेडफोन लावा ना," दुकानदार म्हणाला, "आरामात ऐका. नंतर स्पीकरवरही ऐकवतो." तिने हेडफोन लावला आणि दुकान गेलं. ड्रम गेला, दुकानदाराचे नुसते ओठ हलत राहिले. तिने खालचा सूर दाबला. तो डाव्या कानाच्या कुठूनतरी मागून उठला, लाकडातून आल्यासारखा, डोक्याच्या आरपार पसरला, आणि विरत विरत उजवीकडे गेला. ती पियानोपुढे बसलेली नव्हती. ती पियानोच्या आत होती. तिने दोन्ही हात ठेवले. किती वेळ वाजवलं कोण जाणे. डोळ्यांतून पाणी आलं ते तिला कळलं नाही, दुकानदाराने कागदी रुमाल पुढे केला तेव्हा कळलं. "स्पीकरवर ऐकायचं ना?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. नको. आता आणखी कशाला? तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि भांड्यातून काढून तो पुन्हा टांगायची तिची तयारी नव्हती.

दोन संध्याकाळी ती खोलीत वाजवत बसली. खुर्ची, पलंगावर टेकवलेला कीबोर्ड, कानात हेडफोन. इतकं सुख तिला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालत होती, एक माणूस दात घासत होता, आणि या सगळ्यांच्या वर, आत, तिच्या कानांमधे, एवढा मोठा पियानो. दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. "राग नका मानू, पण तुम्ही काही कुटताय का?" त्यांनी विचारलं. "कालपासून आमच्या डोक्यावर नुसतं धप धप, धप धप." तिने त्यांना आत बोलावलं, कीबोर्ड दाखवला, हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावायला गेली. "अय्या, नको बाई," काकू मागे सरल्या. "मला कशाला? तुम्ही वाजवा हो. फक्त खाली एखादं जाड कांबळं घाला म्हणजे झालं." त्या गेल्यावर तिने हेडफोनशिवाय, आवाज बंद ठेवून, तीच धून वाजवून पाहिली. खरंच, नुसतं धप धप. एखादी बाई कोरड्या उखळात काहीच न घालता कुटत बसली आहे. तिला आधी हसू आलं, मग बराच वेळ ती हात मांडीत घेऊन बसली. शेवटी पलंगाखालून कांबळं काढलं.

शनिवारी ती पुन्हा तासभर आधी गेली. सोफ्याच्या शेजारी, खांबाला लागून, तिला जागा दिली होती. हॉटेलचा वायरमन शिडीवर चढून छतातल्या स्पीकरशी खटपट करत होता. कीबोर्डच्या मागे दोन भोकं, एक डावं, एक उजवं. आणि भिंतीतल्या जोडणीला एकच. "काही काळजी नको, बाई," वायरमन म्हणाला. त्याने खिशातून एक आखूड वायर काढली, दोन तोंडं या बाजूला, एक तोंड त्या बाजूला, आणि दोन्हीचं एक करून टाकलं. "झालं. आता दोन्ही आवाज सगळीकडे." तिला तो तास वाजवता आला नाही, कारण शिडी हलेपर्यंत पहिलं टेबल भरलं होतं, आणि दार उघडून मॅनेजर मालकाला आत आणत होता. मालक किडकिडीत, म्हातारा, स्वेटर घातलेला माणूस होता. तो सूप मागवून बसला. खांबापलीकडच्या लहान टेबलावर एक बाई एकटीच जेवत होती, फिकट रंगाची साधी ओढणी, शेजारच्या खुर्चीवर भलीमोठी पिशवी. मॅनेजरने लांबूनच डोळ्यांनी खूण केली. करा सुरू.

तिने पहिले सूर दाबले. छतातून जे खाली आलं तो पियानो नव्हता. डब्यात बसून कोणीतरी नाकातून गुणगुणत होतं. खालचे सूर पोकळ, मधले तर जवळजवळ नाहीतच. जिथे डाव्या-उजव्या कानांत मिळून लाकूड उभं राहत होतं तिथे नुसती हवा. आणि त्याच क्षणी तिला सगळं लख्ख समजलं. हेडफोनमधे दोन कानांना दोन वेगळे आवाज होते, थोडे पुढेमागे, म्हणून तो पियानो एवढा मोठा वाटत होता. ते दोन्ही एकाच तारेत कोंबले की एकमेकांना खाऊन टाकतात. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कोणत्याही वाजवणाऱ्याला माहीत असतं, आणि म्हणूनच कोणीही शहाणा वाजवणारा कीबोर्ड घेताना स्पीकरवर ऐकल्याशिवाय हलत नाही. दुकानदार तर स्वतः ऐकवायला तयार होता. तिनेच नको म्हटलं. तिला आवाज आपल्या डोक्यात चांगला हवा होता. बाहेर तो कसा ऐकू येईल याचा विचारच तिने केला नाही, जणू बाहेर कोणी नव्हतंच. डोळे भरून येत होते आणि हात वाजवतच होते, मूठभर कोरडा आवाज काढत. ती मालकाकडे चोरून बघत होती. तो सुपात पाव बुडवत होता. त्यातल्या त्यात काहीतरी करावं, पियानोचा दुसरा एखादा आवाज लावून पाहावा म्हणून तिने डावा हात उचलून बटणं चाचपली, दिवे बारीक, अक्षरं त्याहून बारीक, आणि घाईघाईत तिची दोन बोटं दोन बटणांवर एकदम पडली.

कीबोर्ड स्वतःच वाजू लागला. दुकानात गिऱ्हाईक भुलवायला कंपन्या आत एक धून भरून ठेवतात, ती. कोणा कसलेल्या माणसाने कधीतरी कुठेतरी बसून वाजवलेली, मागे मधली पोकळी भरून काढणारी व्हायोलिनची साथ, सूर इतके भरघोस की छतातल्या त्या पोकळ स्पीकरनाही ते पेलवेनात. बंद कसं करायचं ते तिला माहीत नव्हतं. मधेच थांबलं तर सगळ्यांना कळणार. मग तिच्या हातांनीच काय ते ठरवलं: ते पट्ट्यांवर, दाबल्यासारखे न दाबता, इकडून तिकडे फिरू लागले. धून चढत गेली, एका जागी एकदम उतरली, अशी उतरली की तिच्या अंगावर काटा आला. काय सुंदर उतरण होती ती, हे तिला त्या भीतीतही कळलं. आपण जन्मात असं वाजवलं नाही. शरमेने तिचे कान तापले होते. शेवटचा सूर विरला आणि टाळी वाजली. पहिली मालकाची. मग मॅनेजरची. मग आणखी एकदोन टेबलांवरची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या हॉलमधे तिच्या दिशेने टाळ्या वाजत होत्या, आणि तिने मान झुकवली. काय करणार? झुकवली.

मॅनेजर लगबगीने आला. त्याचा चेहरा उजळला होता. "काय वाजवलंत हो! अगदी पियानोच! मालक म्हणतायत, तेच पुन्हा एकदा होऊ दे." आणि हळूच, "तुमचं काम झालं समजा." तो परत गेला. ती दोन बटणांकडे बघत राहिली. आता कुठली ती नीट दिसत होती. दोन बोटं ठेवायची, बस. मालक पुन्हा टाळी वाजवणार, तो तास तिचा राहणार, भाडं निघणार, आणि रोज संध्याकाळी ती इथे बसून हात फिरवणार, आणि कधीच कोणाला कळणार नाही. पेनड्राइव्हची गरजच पडणार नाही. पेनड्राइव्ह तीच असेल. तिने खाली वाकून मागची एक वायर उपटून काढली, उजवीकडची. आता अर्धाच आवाज जाणार होता, डावीकडचा, पण निदान त्याला अंग असणार होतं. मग ती सरळ बसली, हात मांडीवर पुसले आणि ती धून वाजवू लागली. एकदाच ऐकलेली. तिचे कान शाबूत होते. सूर सापडत गेले. व्हायोलिन नव्हतं, भरघोसपणा नव्हता, अर्ध्या पियानोचा एक बारका, खरा आवाज होता. चढताना बरं जमलं. मग ती उतरण आली. ती येणार हे माहीत असल्यामुळेच तिचे हात आखडले, एक सूर घसरला, तिने तो झाकला आणि पुढे गेली, शेवटपर्यंत गेली.

टाळी वाजली नाही. मालक बिल न देताच उठायचा माणूस होता, तो मॅनेजरशी बोलत बोलत दाराकडे चालला होता, आणि जाता जाता त्याने तिच्याकडे बघून मान डोलावली, मघाशी डोलावली असती तशीच. दोन्हीतला फरक त्याला कळलाच नव्हता. मॅनेजरने लांबून अंगठा दाखवला. म्हणजे काम राहिलं. तास राहिला. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आनंदाच्या जागी तिला नुसता थकवा जाणवला. काटे, चमचे, बोलणं, हसणं, सगळं पूर्ववत सुरू झालं होतं.

खांबापलीकडची बाई जेवण आटोपून निघाली होती. पिशवी खांद्याला अडकवून ती दोन पावलं गेली, थांबली, आणि परत कीबोर्डपाशी आली.

"एक बोलू का? राग मानू नका," ती म्हणाली. "मघाशी जास्त चांगलं झालं होतं."

पियानोबाईचा चेहरा खर्रकन उतरला. आणि त्याच्या मागोमाग, तिला कळेना कुठून, छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. या बाईने पहिलं ऐकलं होतं. दुसरंही ऐकलं होतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती.

"हो," ती म्हणाली. "मघाचंच चांगलं होतं." आणि मग, "कुठे बिघडलं, सांगाल?"

बाई खरंच आठवू लागली. पिशवीचा बंद सावरत, भुवया जवळ आणून. "मधे. ते एकदम खाली येतं ना, तिथे," ती म्हणाली. "मघाशी ते नुसतंच छान आलं होतं. आत्ता मात्र तुम्ही तिथे घाबरलात, असं वाटलं मला. म्हणजे मला यातलं काही कळत नाही हं."

"नाही, बरोबर आहे," ती म्हणाली. "घाबरले होते."

बाईने हसून मान हलवली आणि ती दाराकडे गेली. रखवालदाराने दार उघडलं, बाहेरच्या गाड्यांचा आवाज आत आला आणि दार मिटलं. कितीतरी वर्षांत तिच्याबद्दल कोणी इतकं खरं काही बोललं नव्हतं, आणि बोलणारी निघून गेली होती, तिचं नावही विचारायचं राहिलं होतं. तिने रुमालाने डोळे टिपले. मग खांबापलीकडच्या रिकाम्या टेबलाकडे तोंड करून खुर्ची जराशी वळवली, आणि ती धून, त्या उतरणीपासून, पुन्हा वाजवायला घेतली.